सात टक्के कोणाचे?



गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभी होते. पोळ्या कडक होत्या, कुठल्याशा गोदामातून गोठवून आलेल्या. माझ्या पुढचे गृहस्थ ताटाकडे बघत म्हणाले, "ताईंचे दुकान बंद झाल्यापासून धड पोळी मिळत नाही हो." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग लक्षात आले की त्या रांगेत आम्ही निदान पाच जण असे होतो, की ते दुकान वाचवणे आमच्या हातात होते आणि आम्ही ते केले नाही. ती गोष्ट आज लिहिते आहे. काहींना राग येईल. येऊ दे.

ताई २००४ साली एच-४ व्हिसावर न्यू जर्सीत आल्या. त्या काळी एच-४ वर काम करायची मुभाच नव्हती; काहींना ती मिळाली थेट २०१५ मध्ये. ग्रीन कार्ड आले तशा त्यांनी घरून डबे सुरू केले, नंतर रीतसर परवाना काढून २४०० चौरस फुटांचा एक गाळा भाड्याने घेतला. छोटी, एकटी इमारत, पुढे आठ गाड्यांची जागा. भाडे चौरस फुटाला वर्षाला २४ डॉलर, म्हणजे महिन्याला ४८००. वर 'ट्रिपल नेट'. आपल्यातल्या नोकरदारांना हा शब्द फारसा माहीत नसतो, म्हणून सांगते. इमारतीचा मालमत्ता कर, विमा आणि देखभाल, हे तिन्ही भाडेकरूनेच भरायचे. मालकाने फक्त भाडे मोजायचे. शिवाय आतला एक्झॉस्ट हूड, आग विझवायची यंत्रणा, ग्रीस ट्रॅप, वॉक-इन कूलर, तीन कप्प्यांचे सिंक, हे सगळे ताईंनी स्वतःच्या पैशाने बसवले. नव्वदेक हजार डॉलर गेले त्यात. लीज संपली की भिंतीला जे जोडले ते मालकाचे. तसे करारातच लिहिलेले असते.

२०१९ च्या वसंतात जुने मालक फ्लोरिडाला जायला निघाले. भला माणूस. बाजारात जाहिरात द्यायच्या आधी ताईंना म्हणाला, आठ लाखांना तुम्हीच घ्या. ताईंकडे साठवलेले ३५ हजार होते.

इथे थोडा हिशोब करावा लागेल, कारण आम्ही त्या वेळी तो केलाच नाही, आणि करायची कुवत आमच्यातल्या प्रत्येकात होती.

धंद्याच्या जागेचे कर्ज म्हणजे घराचे कर्ज नव्हे. घराला तीस वर्षांचा कायम दर मिळतो. दुकानाला साधी बँक वीस-पंचवीस वर्षांच्या हिशोबाने हप्ता बांधून देते, पण पाच, सात किंवा दहा वर्षांनी सगळी शिल्लक एकदम मागते. तेव्हा जो दर चालू असेल त्या दराने पुन्हा कर्ज काढा. डाउन पेमेंट वीस ते तीस टक्के. आठ लाखांवर पंचवीस टक्के म्हणजे दोन लाख. ताईंनी इथेच पुस्तक मिटले असते. पण १९५३ मध्ये स्थापन झालेली स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एसबीए, ही सरकारी संस्था नेमक्या याच अडचणीसाठी एक योजना चालवते. १९५८ च्या कायद्याच्या कलमावरून तिचे नाव ५०४. त्यात निम्मे पैसे बँक देते, चाळीस टक्क्यांपर्यंत एक सर्टिफाइड डेव्हलपमेंट कंपनी देते (या बहुतेक ना-नफा तत्त्वावर चालतात), आणि धंदेवाल्याने घालायचे दहा टक्के. धंदा दोन वर्षांहून नवा असेल तर पंधरा. चाळीस टक्क्यांच्या भागाला पंचवीस वर्षे कायम दर मिळू शकतो. बँकेची जोखीम अर्धीच, आणि इमारतीवर पहिला हक्क तिचाच, त्यामुळे तीही फार कुरकुरत नाही.

या योजनेत एक अट आहे आणि माझ्या मते तीच तिचा आत्मा आहे. उभी इमारत घ्यायची तर तिचा निदान ५१ टक्के भाग तुमच्या स्वतःच्या धंद्याने वापरला पाहिजे. नवी बांधायची तर ६० टक्के. निव्वळ भाडे खाण्यासाठी जागा घेणाऱ्याला यात प्रवेश नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांना कष्ट करणारा आणि भाडे गोळा करणारा यातला फरक कळत होता. आपल्याला कळतो का, हा प्रश्न आहे.

तर ताईंना लागत होते ८० हजार. होते ३५. कमी पडले ४५ हजार. (वकील, मूल्यांकन वगैरेचे आणखी काही, पण ते जमले असते.) त्या रविवारी आमच्या दिवाणखान्यात नऊ कुटुंबे होती. प्रत्येकी ५ हजार. तुम्ही बेरीज केलीत ना? आम्ही नाही केली.

काय झाले ते सांगते. ताईंनी स्वतः केलेली पुरणपोळी आणली होती. ती खाऊन झाल्यावर त्यांनी अवघडून विषय काढला, कागद पुढे ठेवले. मग सल्ले सुरू झाले. "एवढे कर्ज कशाला अंगावर घेताय?" हे म्हणणाऱ्याच्या घरावर तेव्हा सहा लाखांचे कर्ज होते. "रेस्टॉरंटचा धंदा, काही भरवसा नसतो." "मैत्रीत पैसा आणू नये." आमच्यातल्या एका सीपीए मित्राने कागद चाळले आणि म्हणाला, "निव्वळ नफा वर्षाला २२ हजार. बँक उभे करणार नाही." हे त्याने इतक्या आत्मविश्वासाने सांगितले की ताईंनी कागद परत पिशवीत घातले.

तो चुकला होता. बँक बघते ते हप्ता फेडायची ताकद, साधारण हप्त्याच्या सव्वापट. तो २२ हजारांचा नफा भाडे वजा करून उरलेला होता. इमारत स्वतःची झाली की भाड्याचे ५७,६०० वाचणार. म्हणजे हप्त्यासाठी हाती ७९,६००. कर, विमा, देखभाल ताई आधीपासूनच भरत होत्या, तेव्हा तो खर्च नवा नव्हता. हिशोबासाठी त्या काळचा सरासरी ५ टक्के दर धरा, पंचवीस वर्षे. ७ लाख २० हजारांचा हप्ता येतो महिना ४२०९, वर्षाला साडेपन्नास हजार. त्याची सव्वापट साधारण ६३ हजार. ताईंकडे ७९ हजारांवर. भाडे ४८०० आणि हप्ता ४२०९! आणि त्या हप्त्यातून पहिल्या पाच वर्षांत मुद्दलातले सुमारे ८२ हजार फिटले असते. हे सगळे मी मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी कागदावर मांडले. एका संध्याकाळचे काम. पेशाने मी संख्याशास्त्रज्ञ आहे.

एक गोष्ट ताईंच्या बाजूने आणखी होती. त्या गल्ल्यातली पै न पै टॅक्सला दाखवत. आपल्या भागातले निम्मे दुकानदार रोखीचा पैसा दाखवत नाहीत, आणि मग बँक उत्पन्न मानत नाही म्हणून रडतात. ताईंची तीन वर्षांची रिटर्न्स लख्ख होती.

आणि मी काय विचारले? मी विचारले, "तुमचे मिस्टर काय म्हणतात?"

याच देशात धंद्याचे कर्ज मागणाऱ्या बाईकडे बँका नवऱ्याची, भावाची, बापाची सही मागत असत. त्याविरुद्ध बायका लढल्या आणि १९८८ च्या विमेन्स बिझनेस ओनरशिप अॅक्टने ती पद्धत मोडीत काढली. एकतीस वर्षांनंतर, आठ मार्चला स्त्रीमुक्तीवर भाषण करून आलेली मी, सोफ्यावर बसून तीच सही मागत होते. ताई म्हणाल्या, "त्यांचा यात काही संबंध नाही, धंदा माझा आहे." ते बरोबर होते आणि मला ते जरा उद्धट वाटले. खरे सांगते.

त्या गेल्यावर एक जण जे बोलला ते इथे लिहावे की नाही, यावर दोन दिवस विचार केला. तो म्हणाला, "त्यांच्यात धंद्याची परंपरा नाही ना." ताईंचे आडनाव तुम्हाला सांगणार नाही, पण ते वाक्य आडनावावरूनच आले होते. कोणी त्याला टोकले नाही. दरवर्षी जूनमध्ये आपण शाहू महाराजांची जयंती साजरी करतो. राजवाड्याच्या चाकरीतल्या गंगाराम कांबळ्यांना सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून मार बसला, तेव्हा महाराजांनी नुसते सांत्वन केले नाही. भांडवल दिले, कोल्हापुरात हॉटेल काढायला लावले, आणि गाडी थांबवून स्वतः तिथला चहा प्याले, बरोबरच्या सरदारांनाही पाजला. भांडवल आणि गिऱ्हाईक, दोन्ही. ही गोष्ट आपण किती रसाळपणे सांगतो! कांबळ्यांच्यातही तेव्हा 'धंद्याची परंपरा' नव्हतीच की.

आता मुख्य मुद्दा. पैसे नव्हते का? होते. त्याच वर्षी, त्याच नऊपैकी चार कुटुंबांनी प्रत्येकी ५० हजार डॉलर दुसऱ्या राज्यातल्या एका शॉपिंग प्लाझात गुंतवले. त्या चारांत आम्ही होतो. या 'सिंडिकेशन'च्या जेवणावळी आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. हॉटेलात पनीर टिक्का, पडद्यावर आलेख, आणि तुम्ही 'अॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर' असल्याचा सन्मान. तो सन्मान मिळवायला काही कर्तृत्व लागत नाही. एकट्याचे उत्पन्न दोन लाख, जोडप्याचे तीन, किंवा राहते घर सोडून दहा लाखांची मालमत्ता. फार्मा आणि आयटीतल्या आपल्या पिढीला हे सहज जमते. सही केली, पैसे पाठवले. कोणी विचारले नाही की चालवणाऱ्याच्या मिस्टरांचे किंवा मिसेसचे काय मत आहे.

त्या प्लाझाचे कागद मी नीट वाचले ते चार वर्षांनी. भाडेकरूंच्या यादीत एक सलोन, एक कराटे वर्ग, एक व्हिएतनामी सूपवाले, एक शिंपी. त्यांच्या नावापुढे लिहिले होते, 'सध्याचे भाडे बाजारभावापेक्षा कमी, वाढीस वाव'. गुंतवणुकीच्या भाषेत याला 'व्हॅल्यू अॅड' म्हणतात. मराठीत सांगायचे तर, शिंप्याची लीज संपली की त्याचे भाडे वाढवायचे, परवडले तर राहील, नाही तर जाईल, आणि वाढलेल्या भाड्यावर प्लाझाची किंमत वाढली की विकून मोकळे व्हायचे. तिमाहीला आमच्या खात्यात जे येत होते ते तिथून येत होते. आम्हाला सांगितलेला परतावा होता सात टक्क्यांच्या आसपास.

ताईंच्या इमारतीचे गणित करून बघा. भाडे ५७,६००, किंमत ८ लाख. ७.२ टक्के. अगदी तोच आकडा. तीच कमाई, तीच पोळी लाटणारी मनगटे. प्रश्न इतकाच होता की ते सात टक्के ताईंकडे राहणार की कोणा एलएलसीकडे जाणार. ताईंनी मागितले तेव्हा ती 'जोखीम' होती. दुसऱ्याच्या ताईंकडून आपल्याला मिळणार होते तेव्हा ती 'पॅसिव्ह इन्कम' झाली. पॅसिव्ह आपल्यासाठी हो, पहाटे चारला कणीक मळणाऱ्यासाठी नव्हे.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. इमारत एका एलएलसीने घेतली. २०२० आले. त्या वर्षीच्या केअर्स कायद्यात एसबीएने आधीपासून चालू असलेल्या ५०४ कर्जांच्या चाळीस टक्केवाल्या भागाचे सहा महिन्यांचे हप्ते स्वतः भरले. ताईंचे कर्ज असते तर सुमारे ११ हजार सरकारने भरले असते. भाडेकरूला ही सवलत नव्हती. तरीही त्यांनी डब्यांवर निभावून नेले. आपल्यातल्या अनेक घरांना त्या महिन्यांत ताईंनी दारात डबे ठेवले, आठवते ना? २०२२ मध्ये लीज संपली. नवे भाडे ३१ डॉलर, महिना ६२००, वर ट्रिपल नेट. वर्षभर ओढले. २०२३ मध्ये दुकान बंद. हूड, कूलर, ग्रीस ट्रॅप सगळे तिथेच राहिले. आता तिथे दुसरे कोणी खाण्याचे दुकान चालवते, ताईंच्याच हूडखाली. ताई एका मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तासावर काम करतात.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. कर्ज बुडाले असते तर? बुडू शकले असते. वीस टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असणाऱ्याला एसबीएच्या कर्जाला वैयक्तिक हमी द्यावी लागते, वेळ आली तर राहते घरही अडकू शकते. ५०४ चे कर्ज पहिल्या दहा वर्षांत फेडले तर दंड बसतो. छप्पर गळाले तर दुरुस्ती तुमची. आधी तिथे ड्रायक्लीनर किंवा पेट्रोल पंप असेल तर जमिनीखाली काय मुरले आहे याची तपासणी न करता सही करणारा वेडाच. आणि आज दर सात टक्क्यांच्या घरात धरला तर तेवढ्याच कर्जाचा हप्ता ५०८९ होतो, ४२०९ नाही. प्रत्येकाने जागा घ्यावी असे मी म्हणतच नाही. नव्या धंद्याने पहिली दोन-तीन वर्षे भाड्यानेच काढावीत. फक्त करारात एवढे कलम घालून घ्यावे की मालकाने विकायचे ठरवले तर आधी मला विचारले पाहिजे. पण ताईंचा धंदा नवा नव्हता, आणि आम्ही यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. आम्ही म्हणी ऐकवल्या, अंथरूण आणि पाय वगैरे.

दुसरा आक्षेप, गुजराती करतात तसे आपल्याला जमत नाही. अमेरिकेतली निम्म्याहून अधिक हॉटेले-मोटेले भारतीय वंशाच्या लोकांकडे आहेत, त्यातले बहुतेक गुजराती, आणि पहिल्या पिढीने ती उभी केली ती एकमेकांना हातउसने देऊन. कागद नाही, तारण नाही, हात मिळवला की झाले. कौतुक आहेच. पण डोळे झाकून नको. तो हात बहुतेक वेळा आपल्याच गावच्या, आपल्याच जातीच्या माणसापुढे होत असे, आणि काउंटरमागे बायका-मुले बिनपगारी राबत. आपल्याला ते हुबेहूब उचलायचे नाही. पण आपल्याकडे पतपेढ्या होत्या, चाळीतल्या भिशा होत्या. गिरणीतल्या माणसाला दुसऱ्याचा जामीन व्हायचे धैर्य होते. सहा आकडी पगाराबरोबर ते कुठे गळून पडले?

आणि जमते कसे, तेही सांगते, कारण 'इच्छा आहे पण मार्ग नाही' ही पळवाट मला बंद करायची आहे. इमारत एका एलएलसीत आणि धंदा दुसऱ्या कंपनीत ठेवून पहिलीने दुसरीला भाड्याने द्यायची, ही रचना एसबीएला मान्य आहे. नऊ जणांनी पाच-पाच हजार घालून इमारतीच्या कंपनीत छोटा हिस्सा घ्यावा. वीस टक्क्यांखालच्या हिस्सेदाराकडे सहसा हमी मागत नाहीत. ठरलेल्या वर्षांनी ताईंनी तो हिस्सा माफक वाढीने परत विकत घ्यावा. दान नाही, उपकार नाही. वकिलाचा एक दिवस लागतो.

मात्र ही वाटही आता अरुंद झाली आहे. पूर्वी धंद्याची निदान ५१ टक्के मालकी सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांकडे असली की चालत असे. २०२५ मध्ये ती अट शंभर टक्के झाली. एखाद्या एच-१बी मित्राचा एक टक्का असला तरी अर्ज बाद. आणि मार्च २०२६ पासून ग्रीन कार्डवाल्यांनाही एसबीएच्या कर्जातून वगळले. जो कर भरतो, माणसे कामाला ठेवतो, त्याला. आपल्यातले जे आज सिटिझन होऊन निवांत बसले आहेत त्यांनी आठवावे की या मधल्या अवस्थेत आपण किती वर्षे काढली. सिनेटरला पत्र लिहायचेच आहे. पण पत्राने गाळा मिळत नाही.

ज्याच्यासाठी हे आज लिहायला घेतले तो एक गॅरेजवाला आहे. मूळचा साताऱ्याकडचा, अकरा वर्षे गाड्या दुरुस्त करतो, तुमच्यापैकी निम्म्यांच्या गाड्या त्याच्याकडे जातात. जागेचा मालक सहा लाखांना विकतो आहे. गडी ग्रीन कार्डवर, म्हणून एसबीए बंद. साधी बँक पंचवीस टक्के मागते, दीड लाख. त्याच्याकडे नव्वद हजार आहेत. कमी पडतात साठ. जमिनीत तेल मुरले आहे का याचा अहवाल पुढच्या आठवड्यात येईल. तो वाईट निघाला तर विषय संपला.

चांगला निघाला तर शनिवारी दुपारी तीन वाजता आमच्याकडे बसू. बारा जण हवे आहेत, प्रत्येकी ५ हजार. प्लाझातला आमचा हिस्सा गेल्या वर्षी मोकळा झाला, त्यातले पहिले पाच मी घालते आहे. त्याची तीन वर्षांची रिटर्न्स टेबलावर असतील. ती वाचायची तयारी ठेवून या. ताईंनाही बोलावले होते. त्या म्हणाल्या, "शनिवारी माझी शिफ्ट असते." तेव्हा पुरणपोळी नाही. चहा मी करेन.